सोवळ्या संताची फेणी

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मुदखेडात दारूचा पत्ता कुणी सांगत नाही, नुसती दिशा सांगतात. मंडपाच्या मागं, रुळाच्या पलीकडं, लिंबाच्या त्या अंगाला, अमक्याच्या गाडीपाशी. लग्नात अक्षता पडल्या रे पडल्या की काही पुरुषांचे चेहरे एकाएकी जबाबदार दिसू लागतात. "जरा गाडीकडून येतो," असं म्हणून ते उठतात. गाडी जागेवर धड उभी असते, तिला कुणाचीच गरज नसते, तरी तासाभरात गावातले निम्मे कर्ते पुरुष तिची विचारपूस करून येतात. डिकीत डिस्पोजल ग्लास, फुटाण्यांची पुडी, थंड पाण्याची बाटली असा आटोपशीर संसार मांडलेला असतो. परत येणाऱ्याच्या तोंडात मूठभर बडीशेप असते आणि चालण्यात कमालीचा सरळपणा. एरवी इतकं सरळ तो कधीच चालत नाही. आज्या-मावश्या तेवढ्यावरूनच ओळखतात.

ओळखतात, पण बोलत नाहीत. हा करार फार जुना आहे. पिणाऱ्यानं लपवायचं, बघणाऱ्यानं न बघितल्यासारखं करायचं आणि पंगतीत दोघांनी शेजारी बसून बुंदी वाढून घ्यायची. माळेगावच्या खंडोबाची जत्रा असो, आखाडातला देवीचा बोकड असो, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची कर असो, पत्रिकेत न छापलेला हा एक कार्यक्रम ठरल्या वेळी पार पडतोच. सरकारही याच कराराला धरून वागतं. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती हे सगळे ड्राय डे. त्यामुळे दुकानापुढची सगळ्यात लांब रांग आदल्या संध्याकाळी लागते. सणानं आणि दारूनं एकमेकांचं तोंड पाहू नये अशी कायद्याची इच्छा, म्हणून ती दोघं आदल्या रात्रीच भेटून घेतात.

अशा गावात वाढलेल्या माणसाला कॅथलिक म्हणजे पिणारा, हे ज्ञान सिनेमानं दिलेलं असतं. 'अमर अकबर अँथनी' १९७७ सालचा. त्यातल्या अँथनीचा धंदाच देशी दारूचा, आणि कमाईत येशू त्याचा भागीदार. मार खाऊन, पिऊन आलेला तो आरशासमोर उभा राहतो आणि स्वतःच्या जखमेवरची पट्टी आरशातल्या माणसाला लावतो. हा प्रसंग आमच्याकडं ज्यांनी पाहिला, त्यांना ख्रिस्ती धर्माची आणखी ओळख करून घ्यायची गरज वाटली नाही. मुंबईच्या दारूबंदीत 'आंटी'चे अड्डे गाजले होते, त्यांच्या गोष्टी मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलेल्या होत्या. त्या चित्राशी ताडून पाहायला गावात खरा कॅथलिक मिळणं मात्र अवघड. मराठवाड्यात ख्रिस्ती वस्ती तुरळक. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री प्रॉटेस्टंट होते, आणि आमच्याकडच्या प्रॉटेस्टंट पाळकांची दारूविषयीची मतं वारकरी बुवांच्या मतांपेक्षा फारशी निराळी नसतात.

नोकरीतल्या एका सहकाऱ्यानं मला मे महिन्यात गोव्यात, त्याच्या बार्देशातल्या गावी नेलं, तेव्हा माझ्या डोक्यात हा एवढाच ऐवज होता. "आज वाड्यावर लदीन आहे, चल," असं तो म्हणाला. लदीन म्हणजे क्रुसापुढची सामुदायिक प्रार्थना. आंब्याच्या झाडाखाली चुना दिलेला क्रूस होता, त्याला झेंडूच्या माळा घातलेल्या, पायथ्याशी मेणबत्त्या. एक म्हातारा व्हायोलिन घेऊन उभा राहिला आणि मरियेच्या नावांची माळ सुरू झाली. एक नाव झालं की सगळ्या जमावाचा एकच ठरलेला प्रतिसाद, पुन्हा पुढचं नाव. भाषा लॅटिन. ती तिथं कुणालाही येत नव्हती, पण प्रत्येकाला आपला सूर मात्र बरोबर येत होता, खालचा कुणाचा आणि वरचा कुणाचा हेही न सांगता ठरलेलं. सत्यनारायणाच्या पोथीतल्या संस्कृतावर वाढलेल्या मला यात वावगं काही वाटलं नाही. देवाशी बोलताना आपल्याला न कळणारी भाषा वापरली की देवाला कळलं असावं असा विश्वास वाटतो.

प्रार्थना संपली. मीठ घालून उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप आले. आणि मग ज्या घराची लदीन होती त्या घरातली, सत्तरीच्या पुढची, फुलाफुलांचा झगा घातलेली एक बाई हातात बाटली आणि एक लहानसा काचेचा पेला घेऊन घरातून सरळ, समोरून, सगळ्यांच्या देखत आली. मी सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. कुणीच बडीशेप शोधत नव्हतं.

ती आधी व्हायोलिनवाल्याकडं गेली. मग वयानं मोठ्यांकडं. अंगठ्याएवढी ओतायची, समोरचा ती एका घोटात घेणार, पेला परत, पुढचा माणूस. पोरांना सरबत. पाहुणा म्हणून माझा नंबर लवकरच लागला. काजूच्या फेणीला पिकल्या बोंडांचा असा काही वास असतो की पेला नाकापर्यंत येण्याआधी डोळ्यांपर्यंत पोचतो. मी घेतली, ठसकलो, आणि त्या ठसक्यावर सगळा वाडा मोकळेपणानं हसला. दुसरी फेरी सुरू झाली. एका तरण्याबांड गड्यापुढं बाई थांबली, त्याच्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "तुका पुरो." पेला पुढं सरकला. तो गडी ओशाळं हसला आणि त्यानं आणखी चणे घेतले. ना वाद, ना शपथ, ना "तू कोण मला सांगणारी". थोड्या वेळानं बाटली घरात गेली, व्हायोलिन पेटीत गेलं आणि माणसं आपापल्या घरी.

त्या दोन शब्दांपाशी माझं मन पुढं बराच काळ घोटाळत राहिलं. आमच्याकडं गाडीच्या डिकीपाशी सगळं असतं, फुटाणे असतात, आग्रह असतो, जिव्हाळा तर एवढा असतो की तिसऱ्या ग्लासाला माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. तिथं 'पुरे' म्हणणारं मात्र कुणी नसतं. ज्यांचा तो अधिकार आहे, त्यांच्यापासूनच तर सगळे लपून आलेले असतात.

फेणीचा इतिहास तसा गंमतशीर आहे. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं, ते आणलं कशालाही असो, गोंयकारांनी त्याच्या बोंडांचं काय करायचं ते स्वतःच ठरवलं. उन्हाळ्यात बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, भट्टीवर एकदा चढवला की हुर्राक, दुसऱ्यांदा चढवला की फेणी. त्याआधी माडाची फेणी होतीच. ती देणारे रेंदेर माडावर चढून सुर काढायचे. त्याच सुरेनं नाताळच्या सान्नांचं पीठ फुगायचं आणि घरचा व्हिनेगर व्हायचा. म्हणजे सणाच्या स्वयंपाकघरातही तिचाच हात. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. एवढा मान मिळूनही एका जागी तिला प्रवेश नाही. चर्चच्या आत वेदीवर फेणी चालत नाही. मिस्साला लागतो तो द्राक्षांचाच नैसर्गिक वाइन, त्यात पाण्याचे थोडे थेंब, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तो घेतो एकटा पाद्री, तोही घोटभर. उरलेल्या गावानं बाहेर येऊन क्रुसापाशी आपली सोय केली आहे. गाभाऱ्यात पंचामृत आणि मंडपात महाप्रसाद, ही विभागणी आपल्याला नवी नाही.

पण खरी मौज सान जांवाच्या सणाची. २४ जून, म्हणजे गोव्यात पाऊस नुकताच स्थिरावलेला, विहिरी तोंडापर्यंत भरलेल्या. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून तरुण घुमट वाजवत, "व्हिवा सान जांव" ओरडत घरोघर फिरतात आणि विहिरींत उड्या टाकतात. शिवोलीला तर सजवलेल्या होड्यांतून शेजारच्या गावांची मंडळी येतात. ज्या घरी नवा जावई आला किंवा नवं मूल जन्मलं, त्या घरानं या टोळीला फळं आणि फेणीच्या बाटल्या द्यायच्या. काही ठिकाणी ती भेट विहिरीतच सोडतात, हिंमत असेल त्यानं बुडी मारून काढावी. जावयाचे लाड आमच्याकडंही होतात, पण त्यासाठी धोंड्याचा महिना उजाडावा लागतो, तो तीन वर्षांच्या आसपास एकदा. अनारसे, चांदीचं ताट, बत्तासे देऊन त्याला कोरडाच परत पाठवतात. गोव्याचा जावई दरसाल चिंब भिजून घरी जातो, आतूनही आणि बाहेरूनही. ते कोपेल पाहताना मला आमच्या मुदखेडच्या फुलशेतीची आठवण झाली. गुलाब, झेंडू, मोगरा, पहाटे तोडून टोपल्या भरायच्या आणि नांदेडच्या, हैदराबादच्या बाजाराकडं लावून द्यायच्या. आमची फुलं देवाच्या गळ्यात आणि पुढाऱ्याच्या गळ्यात पडतात. पिऊन विहिरीत उडी मारणाऱ्याच्या डोक्यावर फुलं ठेवावीत, हे आमच्या एकाही शेतकऱ्याच्या मनात आलं नसेल.

उडी कशाची, तर त्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशूची आई मरिया गरोदर असताना आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली. एलिझाबेथलाही दिवस गेलेले. मरियेचा आवाज कानी पडताच तिच्या पोटातल्या बाळानं आनंदानं उडी मारली. ते बाळ म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, गोव्याचा सान जांव. आता गंमत अशी की त्याच लूकनं त्याच पहिल्या अध्यायात, थोडं आधी, आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हे मूल होणार म्हणून देवदूत बापाला सांगायला येतो तेव्हाच बजावतो की हा मुलगा वाइन किंवा कसलंही मद्य कधी पिणार नाही. पुढं योहानानं ते पाळलं. रानात राहिला, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसला, टोळ आणि रानमध खाल्ला. म्हणजे ज्या संतानं जन्मात थेंबाला शिवायचं नाही असं जन्माआधीच ठरलं होतं, त्याच्याच नावानं वर्षातली सगळ्यात ओली जत्रा भरते. आमच्याकडं एखाद्या माळकरी बुवाच्या पुण्यतिथीला गावानं बोकड कापावा, त्यातला हा प्रकार.

लूक इतक्यावर थांबत नाही. पुढं एका ठिकाणी येशू लोकांची चांगलीच फिरकी घेतो. त्याचं म्हणणं असं, की योहान आला, तो खात नव्हता, पीत नव्हता, तर तुम्ही म्हणालात याला भूत लागलंय. मी आलो, सगळ्यांबरोबर बसून खातो, पितो, तर म्हणता हा खादाड आणि दारुड्या. हे वाचल्यावर पॅलेस्टाइन मला फार जवळचं वाटू लागलं. नात्यातले दोघं भाऊ, एक कडक सोवळा, एक चारचौघांत बसणारा, आणि दोघांनाही नावं ठेवणारा गाव. असा पार आणि असे दोन भाऊ मुदखेड तालुक्यात गावोगाव दाखवता येतील.

आणि त्या चारचौघांत बसणाऱ्या भावाचा पहिला चमत्कार कुठला? आंधळ्याला डोळे नाही, लंगड्याला पाय नाही. काना नावाच्या गावातल्या एका लग्नात वाइन संपला, तेव्हा पाण्याचा वाइन करून देणं. योहानाच्या शुभवर्तमानात, आणि हा योहान निराळा, आकडासुद्धा दिलाय. दगडी रांजण सहा, प्रत्येकात दोन-तीन मापं पाणी मावणारे. आजच्या हिशेबानं सगळं मिळून साधारण ४७० ते ७०० लिटर. परमिट रूमच्या मापात सांगायचं तर अडीच हजारांहून जास्त क्वार्टर, आणि ही पाहुण्यांची पहिली खेप पिऊन झाल्यावरची. पंगतीचा कारभारी चाखून पाहतो आणि नवरदेवाला बाजूला घेऊन म्हणतो की लोक चांगला माल आधी वाढतात, तुम्ही तो शेवटापर्यंत राखून ठेवलात. हा माणूस कुठल्याही देशाचा असो, त्यानं लग्नाच्या पंगती उठवल्या आहेत यात शंका नाही. श्रीखंड आधी आणि शेवटी नुसती गोड बुंदी, हा हिशेब त्याला पाठ होता.

या गोष्टीत मला मात्र मरिया जास्त महत्त्वाची वाटते. वाइन संपला हे आधी तिच्या ध्यानात आलं. ती वरमाय नव्हती, वरबापाची कुणी लागत होती की नाही तेही सांगितलेलं नाही, पण कुणाच्या घरची लाज जाऊ नये म्हणून मुलाला हळूच सांगणारी, आणि मुलानं जरा आढेवेढे घेतल्यावरही वाढप्यांना "हा सांगेल ते करा" म्हणून कामाला लावणारी. लग्नघरात प्यायला किती आहे, कुणाला पोचलं, कुणाला नाही, याची खबर तिच्याजवळ. बार्देशातली ती झगेवाली बाई तिच्याच कामावर होती. एकीनं संपल्याचं सांगितलं, दुसरीनं पुरे झाल्याचं. हिशेबाची वही दोघींच्याच हातात.

चर्चचा या बाबतीतला इतिहास तसा फार व्यवहारी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासींसाठी नियमावली लिहिली. त्यात तो सरळ कबूल करतो की वाइन हे खरं तर मठवासींचं पेय नव्हे, पण आजकालच्या मठवासींना हे पटवणं शक्य नाही, तेव्हा निदान पोट फुटेस्तोवर पिऊ नये एवढं तरी ठरवू. म्हणून त्यानं माणशी दिवसाचं एक माप ठरवून दिलं, ते पाव-अर्धा लिटर भरतं. संपूर्ण बंदी घालता येत नाही, मोकळं सोडणंही परवडत नाही, मग माप ठरवा. हे माप फक्त पेल्याचं नाही, दिवसांचंही आहे. गोव्यात इंत्रूज येतो, चार दिवस खाणंपिणं, रंग, दंगा. मग राखेचा बुधवार, आणि चाळीस दिवस आवरतं घेणं. आमची आखाडातली अवस आणि मग श्रावण, याची घडण तीच. एक दिवस सुटायचं, म्हणून महिनाभर धरता येतं. फरक एवढाच की इंत्रूजला गोव्यात मिरवणूक निघते, आणि आमच्याकडं त्या अवसेचं नाव घेतलं तरी घरातली वडील माणसं "दिव्यांची अवस आहे ती" म्हणून दुरुस्त करतात.

हे सगळं वाचून कुणी गोव्याच्या वाटेला लागेल म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तिथंही पेला नेहमीच चांगल्या हातात नसतो. कोकणी तियात्र १८९२ साली मुंबईत सुरू झालं, आणि त्याच्या रंगमंचावर बेबदो, म्हणजे दारुडा, हे हशा मिळवायचं हुकमी पात्र झालं. ज्याच्या सोंगावर सगळं थिएटर हसतं तो माणूस आपल्या घरी कुणाला नको असतो. सान जांवाला दरवर्षी पिऊन पाण्यात उतरू नका अशा सूचना निघतात, आणि त्या उगाच निघत नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका गोव्यातही भरतात. जगभर या बैठका पुष्कळदा चर्चच्याच एखाद्या खोलीत भरतात. म्हणजे एकाच आवारात सणाची बाटलीही आणि ती सोडायची सोयही. ख्रिस्ती मंडळींतच काहींनी हा घोळ मुळातून मिटवला. अमेरिकेतले डॉ. थॉमस वेल्च हे मेथडिस्ट, पेशानं दातांचे डॉक्टर. त्यांनी १८६९ मध्ये द्राक्षाचा रस तापवून आंबण्यापासून रोखला, का तर प्रभुभोजनात पेला तोच राहावा पण त्यात मद्य नको. दाताच्या डॉक्टरानं धर्माच्या मुळाशी हात घातल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

मराठी बोलणारे कॅथलिक मात्र या दोन टोकांच्या मध्ये निवांत बसलेले दिसतात. वसईकडचे कुपारी, मुंबई-ठाण्याचे ईस्ट इंडियन. ईस्ट इंडियनांच्या लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात आणि त्या गर्दीत मसाले घालून गरम केलेली दारू पेल्यापेल्यानं फिरते. उंबर आपला, पाणी आपलं, वाजंत्री आपली, पेला तेवढा त्यांचा. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आमच्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊन आले. बायबल सुबोध मराठीत आणून साहित्य अकादमी मिळवलेला माणूस. त्यांना पाहिल्यावर आमच्या भागातल्या कित्येकांच्या डोक्यातला अँथनी आरशासकट बाजूला झाला असेल.

आता आपल्या घरचंही बघू. आमच्या जिल्ह्यात देवाला दारू चालत नाही असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणू नये. किनवट-माहूरच्या रानात मोह आहे, आणि तिथल्या गोंड-कोलामांच्या पूजेत मोहाची धार देवापुढं पडल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मरीआईला, म्हसोबाला काय काय वाहतात ते सगळ्यांना माहीत आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडं शिंदीची झाडं. त्या झाडांची गोष्ट तर चक्क स्वातंत्र्याच्या इतिहासात आहे. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा, म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडं तोडत. सत्तेचा महसूल बुडवायचा म्हणून दारूचं झाड पाडणारे लोक जगात फार नसावेत. मुंबई राज्यानं १९४९ चा दारूबंदी कायदा केला तेव्हा आम्ही अजून हैदराबाद राज्यात होतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तो कायदाही पुढं आमच्या वाट्याला आला. त्या कायद्यानं चर्चच्या वेदीवरच्या वाइनची सोय ठेवली. मोहाच्या धारेची मात्र कुणाला आठवण झाली नाही. देवापुढची दारू कुठली आणि आडोशाची कुठली, हे ठरवणाऱ्यांनी चर्च पाहिलं होतं, किनवटचं रान पाहिलं नसावं.

झालं काय, की दारू राहिली आणि तिच्या भोवतीची माणसं गेली. मोहाच्या धारेला भगत होता, क्रम होता, कुणी आधी आणि कुणी नंतर हे ठरलेलं होतं. लदीनला व्हायोलिन आहे, चणे आहेत, बाटली धरणारी बाई आहे. डिकीला कुणीच नाही. तिथं पिण्याला मुहूर्त नाही म्हणून सुरुवात लवकर होते, आणि आरती नाही म्हणून शेवट होत नाही. जी गोष्ट कुणासमोर करायची नाही, ती किती करायची हे सांगणार कोण?

हे सगळं मी चहाच्या टपरीवर एका दोस्ताला सांगितलं. तो मनापासून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग आपुन बी ठिवू की असा कारेक्रम. समद्यांच्या म्होरं. काय मनता?" म्हटलं, ठेवू. फक्त बाटली तुझ्या आईच्या हातात राहील. तो बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "आईच्या नको. बायकू चालंल?" पुन्हा विचार करून म्हणाला, "न्हाई, बायकूच्या तर आजाबात नको."

त्याचा विचार चुकीचा नव्हता. आमच्याकडच्या बायकांच्या हातात दारूच्या बाबतीत एकच हत्यार दिलंय, आणि तेही सरकारनं. गावात बायकांचं मतदान घेतात, मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. त्यासाठी आधी सह्या गोळा करायच्या, अर्ज करायचा, चौकशी होऊ द्यायची, धमक्या ऐकायच्या, मग रांगेत उभं राहायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलं, आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पण बार्देशातली ती म्हातारी तेच काम तहसीलदाराशिवाय, एका माणसापुरतं, त्याच्या तोंडावर, चणे देता देता उरकते. तिचा निकाल त्याच जागी लागतो आणि त्यावर अपील नसतं. आमच्या पुरुषांनी घरच्या बाईचं 'पुरे' दोन घोटांनंतर ऐकून घेतलं असतं, तर तिला ते गावच्या दुकानासमोर जाऊन, शिक्का मारून सांगायची वेळ आली नसती.